सुनंदाच्या नावाची चिठ्ठी

“सुनंदा कोण?” डॉक्टर मॅडमनी विचारलं.

कारंजातल्या त्वचारोगाच्या दवाखान्यात मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले होते. टेबलावर माझ्या कॅप्सूलचं रिकामं पाकीट होतं, मेडिकलचं बिल होतं आणि चिठ्ठीची झेरॉक्स होती. चिठ्ठी म्हणजे डॉक्टर औषध लिहून देतात तो कागद. बिलावर आणि झेरॉक्सवर नाव होतं सुनंदा, वय चोवीस.

“मीच,” मी म्हणाले.

खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. आपोआप निघालं तोंडातून. मॅडमनी केसपेपर उचलला. त्यावर अर्ध्या तासापूर्वी मीच माझं खरं नाव लिहायला सांगितलं होतं, वैशाली. ते आठवलं आणि मी झेरॉक्सवर हात ठेवला.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी दुसरंच विचारलं. “पाळी कधी आली होती?”

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. बारा दिवस वर गेले होते. माझे ओठ फुटले होते, नाकातून रक्त येत होतं, म्हणून मी आले होते. पाळीचं डोक्यातही नव्हतं. सिस्टरनी लघवी तपासायला घेतली. या तपासणीला यूपीटी म्हणतात, दिवस गेलेत की नाही ते सांगणारी पट्टी. दोन रेघा आल्या. दुसरी फिकट होती, पण होती.

“वैशाली, नीट ऐका,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही गरोदर आहात. आणि हे औषध गरोदर बाईनं एक दिवससुद्धा घ्यायचं नसतं. हे टेराटोजेनिक आहे. म्हणजे पोटातल्या बाळाची घडण बिघडवणारं. बाळाचं डोकं, कान, हृदय, यात दोष येऊ शकतो. प्रत्येक बाळाला येतोच असं नाही. पण येणार नाही, असं मला म्हणता येणार नाही.”

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. घरातले सगळे ज्याची वाट पाहत होते ते आलं होतं, आणि आल्या दिवसापासून मी त्याला रोज जेवणानंतर ती कॅप्सूल देत होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी नुसती पाहत बसले. किती वाजले ते काही वाचता येईना.

ज्यांच्या तोंडावर मुरूम आहेत आणि ज्यांना चिठ्ठीचा राग येतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. राग मलाही यायचा. खरं सांगते, अजूनही येतो. पण आधी सगळं ऐका.

कामरगावात एका फोटो स्टुडिओत मी कामाला आहे. फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, फॉर्म भरणं, सगळं करते. दिवसभर तोंडंच तोंडं पाहायची. मुलीचा फोटो स्थळाला पाठवायचा असला की तिची आई माझ्या कानाशी येऊन म्हणते, “बाई, तेवढे मुरूम काढून दे नं.” कॉम्प्युटरवर ते काम टिचकीचं. एक टिचकी, एक मुरूम खलास. गावातल्या निम्म्या पोरींची तोंडं मी धुऊन काढली आहेत.

आणि माझंच तोंड लग्नानंतर फुटलं. आधी हनुवटीवर, मग दोन्ही गालांवर. साधे नाही, कातडीखाली गाठी, दुखणाऱ्या, पू धरणाऱ्या. याला नोड्युलर ॲक्ने म्हणतात, हे पुढं कळलं. तेव्हा फक्त एवढं कळत होतं की उशीवर गाल टेकवता येत नाही.

नवरा प्रशांत काळीपिवळी जीप चालवतो, कामरगाव ते कारंजा. स्वभावानं मस्करीखोर. म्हणाला, “मुरूम तं रस्त्यावर टाकतेत, तू तोंडावर कायले टाकला?” मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. सासूला मी आत्याबाई म्हणते. त्या शेजारणीला सांगत होत्या ते मी न्हाणीतून ऐकलं. “तोंड पाहून नवरी आणली, अन् आता तोंडच दिसत नाई.” ते लागलं. खूप लागलं.

हळद झाली, मुलतानी माती झाली, कडुनिंब झाला, टूथपेस्टसुद्धा लावून पाहिली. मेडिकलमधून एक ट्यूब आणली. आठ दिवस तोंड चकाकलं, नंतर लाल झालं, उन्हात गेलं की आग व्हायची. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, म्हणजे सूज दाबणारं औषध, जे तोंडाची कातडी पातळ करतं. त्या ट्यूबला कोणी चिठ्ठी मागितली नव्हती, हे लक्षात ठेवा.

मग मोबाइलवर या कॅप्सूलचं नाव सापडलं. आयसोट्रेटिनॉइन. मी मेडिकलवर गेले. मेडिकलवाले भाऊ म्हणाले, “चिठ्ठी आणा.”

कारंजात तेव्हा त्वचेच्या डॉक्टर फक्त गुरुवारी बसायच्या. पहिल्या गुरुवारी गेले तर नंबर संपले होते. दुसऱ्या गुरुवारी दारावर कागद चिकटवलेला, आज डॉक्टर येणार नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आमचीच जीप वाटेत बंद पडली. दर वेळी कामाची रजा, दर वेळी ओढणीनं तोंड झाकून जाणं. तिसऱ्यांदा परत आले ती तडक मेडिकलवर, आणि माझं डोकंच फिरलं.

“गुडघ्याच्या गोळ्या देता, तापाच्या देता, अँटिबायोटिक मागन त्याले देता. माह्या मुरमालेच काहून चिठ्ठी लागते? रोग रेड्याले अन् औषध पखालीले!”

“ताई, वरून कडक हाय,” भाऊ म्हणाले. “तुमी कागद आणा, मी गोळी देतो. कागदावर कोणाचं नाव हाय थे मी पाहत नाई.”

त्यांचं हे शेवटचं वाक्य मी घरी घेऊन आले.

स्टुडिओच्या बाजूला रूपालीचं ब्युटी पार्लर आहे. माझी जवळची मैत्रीण. तिला सांगितलं तर म्हणाली, “अवं, चिठ्ठी तं हाय नं आपल्या घरात. माही मामेबहीण सुनंदा, इंझोरीची. तिनं अकोल्याच्या डॉक्टरकडून घेतली व्हती. काय तोंड झालं तिचं, लोण्यावानी! मामीकडून घेऊन येतो.”

“अन् तिले नाई लागत?”

“तिले आता कायले लागते? ते गेली नं.”

“कुठी?”

“वर,” रूपाली म्हणाली. हसली, आणि मग ओढणीनं डोळे पुसले. सुनंदा डेंग्यूच्या तापानं चार दिवसांत गेली होती. कॅप्सूलचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे इथंच सांगते, उगाच कोणाच्या मनात नको.

रूपालीनं चिठ्ठी आणली. तारीख जुनी होती आणि भाऊंना अलीकडची लागायची. आता जे सांगते ते लपवलं असतं तर बरं झालं असतं, पण मग बाकीचंही खोटं होईल. मी चिठ्ठीची समोरची बाजू स्कॅन केली आणि तारीख बदलली. मुरूम पुसणाऱ्या बाईला एक तारीख पुसणं किती अवघड असणार? कागद प्रिंटरमधून गरम गरम बाहेर आला. जाऊन वर्ष होत आलेली सुनंदा त्या दिवशी अकोल्याच्या डॉक्टरकडे जाऊन आली.

पुढं ती आणखी दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा मीच पाठवलं.

पहिले पंधरा दिवस मुरूम वाढले, मग जे ओसरले की विचारू नका. प्रशांत म्हणाला, “कोण बाप्पा ही नवीन बाई?” आत्याबाई पाहुण्यांसमोर मला चहा घेऊन पाठवायला लागल्या. ओठ मात्र सुकत चालले. कितीही तूप लावा, तासाभरात फुटायचे. हसले की कोपऱ्यातून रक्त. म्हटलं, एवढं तर चालायचंच.

मेडिकलवर भाऊंच्या कॉम्प्युटरमध्ये नाव बसलं होतं. मी पायरी चढले की, “या सुनंदाताई!” आधी मी दचकायची. मग नुसती हसायची. मग एकदा पायरीवर माझी चुलतसासू भेटली आणि “वैशाली” म्हणाली, तेव्हा ओ द्यायला मला जरा वेळ लागला.

रूपालीनं ती झेरॉक्स पार्लरमधल्या पोरींना द्यायला सुरुवात केली. प्रिंट मीच काढून द्यायची. आम्हाला वाटायचं, चला, पुण्याचं काम. ज्या दारात मी तीनदा माघारी फिरले तिथं या बिचाऱ्यांना तरी फिरावं लागू नये.

मग ओठ दिसायला लागले.

एका पोरीचा पासपोर्ट फोटो काढला. स्क्रीनवर मोठा करून पाहिला तर गाल काचेसारखे स्वच्छ, पुसायला काहीच नाही. आणि ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत बारीक चिरा, खालच्या ओठावर पांढरे पापुद्रे. मी माझ्या ओठावरून जीभ फिरवली. त्याच जागी, त्याच चिरा. चार-पाच दिवसांनी दुसरी आली, धनज गावची. नाव वेगळं, नाक वेगळं, ओठ तेच. मग तिसरी. मी तिचे ओठ टिचकीनं बुजवत होते आणि स्क्रीनच्या काचेत माझं तोंड तिच्या तोंडावर दिसत होतं. दोघींचं तोंड एकच वाटलं मला. मी खुर्ची मागं सरकवून बाहेर जाऊन उभी राहिले.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी मेथी निवडत होते. भर दुपार, गर्दी. मागून बाईच्या आवाजात हाक आली. “सुनंदा!”

मी वळले. माझ्या उजवीकडे कांद्याच्या ढिगापाशी एक पोरगी वळली. समोर बांगड्यांच्या दुकानातून एक वळली. आम्ही तिघी एकमेकींकडे पाहत राहिलो. तिघींचे ओठ फुटलेले. तिघींपैकी कोणाचंच नाव सुनंदा नव्हतं. मग तिघींनीही एकदम मान खाली घातली.

हाक मारणारी मात्र दिसली नाही. मी पार बाजाराच्या टोकापर्यंत पाहून आले. असेल कोणी, आपल्या पोरीला बोलवत असेल, असं मनाला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना नाकातून रक्त आलं, थेंब थेंब दुधात पडलं, आणि मी प्रशांतला म्हटलं, “जीप काढा. आज गुरुवार हाय.”

त्या गुरुवारी मला नंबर मिळाला. पुढचं वर सांगितलंच.

परत येताना जीपमध्ये मी प्रशांतला सगळं सांगितलं. त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसून राहिला. मागून दुसऱ्या जीपवाल्यानं आवाज दिला, “काय झालं रे?” तेव्हा म्हणाला, “काई नाई, जा तू.” त्याची मस्करी त्या दिवशी जी गेली ती बरेच दिवस आली नाही.

मॅडमनी कॅप्सूल त्याच क्षणी बंद केली होती आणि वाशीमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली होती. माझ्या स्वतःच्या नावाची ती पहिली चिठ्ठी. तिथं सोनोग्राफी झाली. डॉक्टर बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली नाही.

“पिशवी दिसते आहे,” त्या म्हणाल्या. “आत बाळ अजून दिसत नाही. दिवस कमी असतील. दहा दिवसांनी पुन्हा बघू. बाळ दिसलं तर पुढं काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. ठेवायचं नसेल तर कायद्यानं सोय आहे. ठेवायचं असेल तर पुढच्या तपासण्या करू, पण सगळेच दोष सोनोग्राफीत दिसत नाहीत. घाई करू नका.”

दहा दिवस. कोणावर येऊ नयेत. ठेवावं तर त्याचं आयुष्य मी बिघडवलेलं. न ठेवावं तर ते चांगलंही असू शकतं. दोन्हीकडून मीच. जेवताना कॅप्सूलची वेळ झाली की हात आपोआप फळीकडे जायचा. आरशात तोंड इतकं सुंदर दिसायचं की पाहवत नव्हतं. एकही डाग नाही. माझ्या मनात यायचं, ही जी आरशात आहे तिला काय, तिचं काम झालं. भरायचं आहे ते मला. मी आरशावर टॉवेल टाकून ठेवला.

आत्याबाईंना प्रशांतनं सांगितलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि माझी वेणी सोडून पुन्हा घालायला लागल्या. पेड घालता घालता म्हणाल्या, “तोंडाचं म्याच बोलली व्हती. तू ऐकलं व्हतं नं?” मी हो म्हणाले. “माही जीभ जळो,” त्या म्हणाल्या. मग आम्ही दोघी रडलो.

दहा दिवसांनी त्याही वाशीमला आल्या. बाहेरच्या बाकड्यावर सगळ्या पोटुशा बाया. एकीनं सहज विचारलं, कितवा? आत्याबाईंनीच सांगितलं, “पाहू, देव काय म्हणते थे.”

या वेळी डॉक्टर बाईंनी स्क्रीन वळवली. काळा गोल होता. आत कोणी नव्हतं.

“याला ब्लाइटेड ओव्हम म्हणतात,” त्या म्हणाल्या. “गर्भाची पिशवी वाढते, पण आत गर्भ तयार होत नाही. असं पुष्कळ बायांना होतं, औषध न घेताही होतं. या कॅप्सूलनंही गर्भपाताचा धोका वाढतो. तुमच्यात कशामुळं झालं हे कोणीही खात्रीनं सांगू शकणार नाही. तुम्हीही स्वतःला सांगत बसू नका.”

मला काय वाटलं ते खरं सांगू? आधी सुटल्यासारखं वाटलं. ठरवायचं राहिलं नाही म्हणून. आणि पुढच्याच क्षणाला त्या सुटल्याची लाज वाटली. पिशवी साफ करावी लागली. दुपारी भरती, संध्याकाळी घरी. सिस्टरनं इंजेक्शन देताना माझा हात धरून ठेवला होता, तो मी विसरणार नाही. आत कोणी नव्हतंच म्हणतात, मग मी कोणासाठी रडले, असं मी नंतर आत्याबाईंना विचारलं. “जागा केली व्हती नं त्याच्यासाठी,” त्या म्हणाल्या.

आठवडाभरानं मी उठले आणि रूपालीला घेऊन त्या पोरींकडे गेले. एक रडली, एक भांडली, पण दोघींनीही गोळ्या बंद केल्या. धनजचीनं तर आधीच बंद केल्या होत्या. तिघींनाही आम्ही कारंजाला मॅडमकडे नेलं. तिघीही सुखरूप निघाल्या. मग मी मेडिकलवर गेले आणि भाऊंना सांगितलं, सुनंदा नावाची बाई मरून वर्ष उलटलं.

भाऊंनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. “काहीबाही बोलू नका, ताई. एक सुनंदाताई तं आज सकाळीच गोळ्या घेऊन गेल्या.”

“कोण? कशी व्हती?”

“तोंडाले ओढणी व्हती. ओठ तेवढे फुटले व्हते.”

मी पार्लरमध्ये जाऊन विचारलं तर रूपालीनं आईची शपथ घेतली. तिनं झेरॉक्स चौथ्या कोणालाच दिली नव्हती. माझ्या कॉम्प्युटरमधली फाइल मी केव्हाच काढून टाकली होती. उरली मूळ चिठ्ठी, आणि ती होती इंझोरीला मामीकडे. आम्ही तिथून तशाच निघालो.

मामी ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, “चिठ्ठी पाह्यजे नं? बसा.” आम्ही काही सांगायच्या आतच उठून आत गेल्या. मी वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर हार घातलेला सुनंदाचा मोठा फोटो होता. हसरी पोरगी, गाल लोण्यासारखे.

मी फोटोच्या जवळ गेले. माणूस मी ओळखलं नव्हतं. काम ओळखलं. गालाला जी सफाई देते, नाकाशेजारी जी जराशी सावली सोडते, ती माझी असते. वर्षापूर्वी तेरवीसाठी कोणीतरी घाईत फोटो मोठा करायला दिला होता. मेलेल्या माणसाचं तोंड मी नेहमी जास्तच साफ करते. नाव विचारलंही नव्हतं.

“रूपाली,” मी हळूच विचारलं, “सुनंदाचं तोंड लोण्यावानी झालं, हे तू कुठी पाह्यलं व्हतं?”

“इथीच नं. तेरवीले, फोटोत.”

मामी चिठ्ठी घेऊन आल्या, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. “पोरी येतेत,” त्या म्हणाल्या. “फोटो पाहतेत, म्हणतेत, मामी, आमालेबी असंच तोंड पाह्यजे. परवाबी एक घेऊन गेली व्हती, सकाळी वापस देऊन गेली. तारीख म्हणे तिनं कुठूनशी करून घेतली. म्या कोणाले नाई म्हणत नाई. सुनंदाचं नाव निघते घरात. मेडिकलवाला सुनंदा म्हणते, बिलावर सुनंदा लिहून येते. मले वाटते, हाय कुठीतरी. फिरून राह्यली. दवाखान्यात गेली, येईन.”

मी चिठ्ठी हातात घेतली आणि पहिल्यांदाच उलटी केली. मागच्या बाजूला निळ्या शाईनं डॉक्टरनं मराठीत लिहिलं होतं. औषध चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भ राहू देऊ नये. दर महिन्याला तपासणीला यावे. औषध दुसऱ्या कोणालाही देऊ नये. त्याखाली वेगळ्या, गोल गोल अक्षरात होतं: मला समजले. सुनंदा.

झेरॉक्स काढताना मी समोरचीच बाजू काढली होती. दर वेळी.

मी मामींना ते वाचून दाखवलं. मग माझं सांगितलं. फोटोचंही सांगितलं. त्या ऐकत होत्या, पुन्हा निवडायला घेतलेली तूर त्यांच्या मुठीतच राहिली होती.

“कितवा महिना व्हता?” त्यांनी विचारलं.

“दुसरा.”

त्यांनी मूठ सोडली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. पोरगी गेलेल्या बाईनं माझी पाठ कुरवाळावी याची मला लाज वाटली. मग त्या फोटोकडे पाहून म्हणाल्या, “म्या कोणाले सांगतलं नाई, पण मले ते सुनंदा वाटतच नाई. दुसऱ्याची पोरगी टांगल्यावानी वाटते. दोनच महिने गोळ्या खाल्ल्या तिनं. गेली तवाबी मुरूम व्हतेच गालावर. म्या हळद लावली त्याच्यावरून.”

त्या चौथ्या पोरीचं घर मामींनी सांगितलं, येताना तिच्याही गोळ्या आम्ही बंद करायला लावल्या. मी दुसऱ्या दिवशी स्टुडिओतली जुनी हार्ड डिस्क काढून बसले. मूळ फोटो होता. एक टिचकी न मारता, आहे तसा मोठा केला.

तुम्हाला सांगायचं ते आधी सांगून टाकते. चिठ्ठीचा राग येतो तर येऊ द्या. आठवड्यातून एक दिवस डॉक्टर, आणि त्यासाठी पोरींनी तोंड झाकून तीन-तीन वेळा फिरायचं, हे चुकीचंच आहे. मी मॅडमना तोंडावर सांगितलं तसं. आता त्या दोन दिवस बसतात, त्यांचे उपकार मानते. पण चिठ्ठी म्हणजे नुसता कागद नाही. तुमची पाळी कधी आली, तुमचं रक्त कसं आहे, हे कोणीतरी तुमच्याकडे पाहून विचारलं, त्याची ती खूण आहे. दुसरीच्या चिठ्ठीवर तुम्हाला कोणीच विचारत नाही. माझे मुरूम थोडे परत आले आहेत. मॅडम दुसरं औषध देतात. आरशावर टॉवेल नाही. बाळाचं पुढच्या वर्षी पाहू, असं आत्याबाई म्हणतात, प्रशांत हो म्हणतो आणि पुन्हा मस्करी करायला लागला आहे.

नवा फोटो घेऊन मी एकटीच इंझोरीला गेले. मामींनी भिंतीवरचा उतरवला, हा मांडीवर घेतला. बोटानं गाल चाचपले, कागद चाचपत होत्या तरी एक एक मुरूम हाताला लागल्यासारख्या थांबत होत्या. “हे पाह्य. इथी मोठी गाठ व्हती. हे नखानं फोडली व्हती तिनं, म्या रागावली व्हती.” नाकावरून, कपाळावरून हात फिरवला. “हे माही सुनंदा.”

मग त्यांनी ती चिठ्ठी घेतली, मागच्या बाजूच्या अक्षरांवरून एकदा अंगठा फिरवला, आणि चुलीत टाकली. कागद जळून होईपर्यंत फोटो त्यांनी छातीशी धरला होता. मग तो जरा दूर धरून, डोळ्यांत पाहून, रोजच्या आवाजात म्हणाल्या, “झालं, बाई. आता नोको जाऊ दवाखान्यात.”